मुख्य प्रधान, पंतप्रधान आणि धोरणाचा धनी
युद्धोत्तर ब्रिटन व महाराष्ट्र यांच्या अंतर्गत आर्थिक धोरणांचा तौलनिक विचार

१

मुंबई प्रांतात १९३७ साली पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले तेव्हा त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्या पदाला इंग्रजीत 'प्राइम मिनिस्टर' म्हणत आणि मराठीत 'मुख्य प्रधान'. १९५० साली राज्यघटना अमलात आली, 'प्राइम मिनिस्टर' हे नामाभिधान दिल्लीपुरते उरले आणि राज्याच्या प्रमुखास 'मुख्यमंत्री' हे नाव मिळाले. 'मुख्य प्रधान' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत त्यानंतरही काही काळ रेंगाळत राहिला. पदनामातील हा बदल वरवर किरकोळ दिसतो. परंतु युद्धोत्तर ब्रिटनच्या पंतप्रधानांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला त्यातून एक उपयुक्त प्रश्न सुचावा. ॲटलीपासून थॅचरपर्यंतच्या पंतप्रधानांची धोरणे आपण तक्त्यात मांडतो, त्यांतील सातत्य आणि खंड शोधतो. त्याच काळात आपल्या प्रांतात खेरांपासून वसंतराव नाईकांपर्यंत जी धोरणे आखली गेली, त्यांची मांडणी आपण त्याच कसोट्यांवर करू शकतो काय?

एक आक्षेप लगेच उभा राहतो. मुख्यमंत्र्याच्या हाती चलन नाही, परराष्ट्र व्यापार नाही, प्राप्तिकर नाही. हा आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. जमीन, शेती, सहकार, मद्यावरील कर, विक्रीकर, स्थानिक स्वराज्य, प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्याकडे होते. आणि ज्या समाजातील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात तेथे सामान्य माणसाच्या ताटात काय पडते हे पुष्कळ अंशी याच विषयांवरून ठरते. ब्रिटनमध्ये ॲटलींनी एकट्याने जे केले त्याची वाटणी आपल्याकडे दिल्ली आणि मुंबई यांच्यात झाली, एवढे लक्षात ठेवले की तुलनेला हरकत उरत नाही.

प्रस्तुत लेखात तुलनेसाठी तीन प्रश्न घेतले आहेत. धोरणाने कोणाला कशाचे आश्वासन दिले? त्याचा खर्च कोणावर टाकला? आणि कायद्याच्या भाषेत लाभार्थ्याला कोणते नाव होते? तिसरा प्रश्न भाषाभ्यासकाचा वाटेल. पण कायदा ज्याला नाव देतो त्यालाच तो दार उघडतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. पडताळ्याचे स्थळ म्हणून उत्तन हे साष्टीच्या वायव्य टोकावरचे, कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे गाव घेतले आहे. तेथे भातशेती होती, ताडमाड होते, आणि सर्वांत मोठा असा मासेमारीचा धंदा होता व आहे. राजधानीच्या इतक्या जवळ असूनही राजधानीच्या हद्दीबाहेर राहिलेले हे गाव धोरणांची पोच मोजण्यास सोयीचे आहे.

२

प्रथम ब्रिटनचा पट थोडक्यात पाहू. १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक विम्याची योजना मांडली आणि १९४४ च्या श्वेतपत्रिकेने युद्धानंतर रोजगाराची पातळी उंच व स्थिर ठेवणे ही शासनाची जबाबदारी मानली. ही दोन्ही कागदपत्रे युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळाच्या काळातील आहेत, हे विसरता कामा नये. जुलै १९४५ मध्ये आलेल्या ॲटलींच्या मजूर पक्षीय शासनाने १९४६ मध्ये बँक ऑफ इंग्लंड आणि १ जानेवारी १९४७ ला कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या. १९४८ मध्ये रेल्वे आली. आणि ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. या सेवेचा लाभ घेण्यास कोणाचेही सभासद असावे लागत नव्हते, देशात वास्तव्य पुरेसे होते. येथे लाभार्थ्याचे नाव 'रहिवासी' एवढेच आहे, आणि तेच या रचनेचे खरे वैशिष्ट्य होय.

खर्चाचा प्रश्न लवकरच आला. १९५१ मध्ये दात व चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरताच आरोग्यसेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी चर्चिल परत आले. त्यांनी पोलाद उद्योग पुन्हा खाजगी हाती देण्याचा मार्ग धरला, पण आरोग्यसेवेला हात लावला नाही; इतकेच नव्हे, तर तिच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या गिलबॉ समितीने १९५६ मध्ये सेवा उधळपट्टीची नसल्याचाच निर्वाळा दिला. गृहनिर्माणमंत्री मॅकमिलन यांनी वर्षाला ३ लाख घरांचे आश्वासन १९५३ मध्ये पुरे केले. मात्र तेच पंतप्रधान असताना १९५७ च्या कायद्याने घरभाड्यांवरील नियंत्रण सैल झाले. विल्सन यांच्या १९६५ च्या राष्ट्रीय योजनेने वाढीचे मोठे लक्ष्य ठेवले, पण १८ नोव्हेंबर १९६७ ला पौंडाचे मूल्य २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणावे लागले आणि ती योजना कागदावर राहिली. जानेवारी १९७२ मध्ये, हीथ यांच्या काळात, बेकारांची संख्या १० लाखांवर गेली. १९७६ मध्ये कॅलहन यांच्या शासनाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागितले आणि खर्च वाढवून बेकारी हटविता येते या श्रद्धेचा जाहीर त्याग केला. मे १९७९ मध्ये थॅचर आल्या, तेव्हा ती श्रद्धा आधीच मोडकळीस आलेली होती.

सारांश, ब्रिटिश पटावर दोन आश्वासने दिसतात. आरोग्याचे आश्वासन कायद्यात व संस्थेत रुजले म्हणून पक्षबदलातही टिकले. रोजगाराचे आश्वासन श्वेतपत्रिकेत राहिले, त्याला हक्काचे रूप आले नाही. म्हणून ते परिस्थितीच्या पहिल्या मोठ्या आघातात ढासळले. हा फरक ध्यानी ठेवून आता आपण मुंबईकडे वळू.

३

खेरांचे दुसरे मंत्रिमंडळ १९४६ मध्ये अधिकारावर आले, म्हणजे ॲटलींनंतर वर्षाच्या आत. मोरारजी देसाई त्यात गृहमंत्री होते आणि १९५२ पासून १९५६ पर्यंत ते स्वतः मुख्यमंत्री होते. ही दहा वर्षे एकच कालखंड मानणे योग्य होईल. या कालखंडात कूळकायदा (१९४८), खोती निर्मूलन (१९४९), दारूबंदी (१९४९), घरभाडे नियंत्रण (१९४७), गृहनिर्माण मंडळ (१९४८) आणि खारभूमी कायदा (१९४८) असे कायदे झाले. साष्टीपुरता पाहिला तर तेथील इस्टेटींची शेतसारामाफी रद्द करणारा १९५१ चा कायदाही यात मोडतो.

या कायद्यांचा लाभार्थी 'कूळ' होय. कोकणात 'कूळ' म्हणजे घराणे आणि 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. एकाच शब्दात वंशाचा अभिमान आणि दुसऱ्याच्या जमिनीवरचे परावलंबन असे दोन अर्थ शेजारी नांदतात. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरविला आणि त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. किंमत हप्त्यांनी द्यावयाची होती. कसेल त्याची जमीन ही घोषणा अशा रीतीने कायद्यात उतरली. तिच्या अंमलबजावणीत पळवाटा राहिल्या, काही कुळांनी दबावाखाली आपण होऊन जमीन सोडल्याच्या नोंदी झाल्या, हे खरे. तथापि आश्वासन हक्काच्या स्वरूपात होते, ही गोष्ट ब्रिटनच्या रोजगाराविषयीच्या श्वेतपत्रिकेहून निराळी आहे.

खर्चाचा प्रश्न येथे दारूबंदीच्या रूपाने आला. ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. मद्यावरील कराचे उत्पन्न गेले आणि राज्याच्या तिजोरीला विक्रीकरावर अधिक भार टाकावा लागला. विक्रीकर गरीबश्रीमंत सारेच भरतात. म्हणजे नैतिक सुधारणेचा खर्च अंशतः ज्यांच्यासाठी ती करावयाची त्यांच्याच खरेदीवर पडला. ज्या काळात ॲटलींचे शासन वाढत्या दराच्या प्राप्तिकरातून कल्याणकार्याचा मोठा वाटा उचलीत होते, त्याच काळात राज्याला अप्रत्यक्ष करांचा आश्रय घ्यावा लागला, याचे कारण मुख्यतः घटनात्मक आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर दिल्लीकडे होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदीचा कायदा काही कलमे वगळता वैध ठरविला; पण ताडमाडांच्या किनारपट्टीवर माडी काढणाऱ्या कुटुंबांचा धंदा एका कलमाने बेकायदा ठरला, त्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नाही. नीरेचा पर्याय सुचविला गेला. तो माडीच्या उत्पन्नाची जागा घेऊ शकला नाही.

भाडेनियंत्रणाची कथा तुलनेस विशेष उद्बोधक आहे. ब्रिटनने १९५७ मध्ये नियंत्रण सैल केले. मुंबईने १९४७ चा कायदा मुदती वाढवीत पुढे चालविला आणि १९९९ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा केला. भाडेकरूचे संरक्षण टिकले, पण नवी भाड्याची घरे बांधण्याचा उत्साह मावळला. मॅकमिलन यांच्याजवळ नियंत्रण सैल करण्यापूर्वी बांधलेली लाखो घरे होती. मुंबईजवळ तशी शिल्लक नव्हती. म्हणून तेच पाऊल येथे त्याच वेळी टाकणे शक्य नव्हते, आणि न टाकणेही महाग पडले.

४

यशवंतराव चव्हाण १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. १९६२ च्या अखेरीस ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या कारकिर्दीत लाभार्थ्याचे नाव बदलले. 'कूळ' मागे पडले आणि 'सभासद' पुढे आला.

सहकाराचा उगम त्यांच्या आधीचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरा परिसरात उभा राहिलेला कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला होता. १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी अहवालाने सहकारी संस्थांत शासनाने भागभांडवल घालावे, अशी शिफारस केली होती. यशवंतरावांनी या दोन प्रवाहांना राज्यधोरणाचे रूप दिले. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा, १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा व १ मे १९६२ पासून त्याची अंमलबजावणी, १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा आणि १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ ही त्या रचनेची चार अंगे होत. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना दिलेली फी-माफी हे पाचवे अंग मानावे. शिवाय राज्यकारभार लोकभाषेत चालावा म्हणून १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. सभासदाला ज्या पोटनियमांवर सही करावयाची ते त्याला वाचता आले पाहिजेत, ही अपेक्षा त्या निर्णयात अध्याहृत होती.

ब्रिटनमध्ये उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले, महाराष्ट्रात साखर कारखाने सभासदांच्या मालकीचे झाले. दोन्हीकडे खाजगी भांडवलाला बगल दिली गेली. पण ब्रिटनमध्ये मालकी सर्वांची आणि म्हणून कोणाचीच नाही अशी टीका झाली, तर येथे मालकी नेमक्या लोकांची आणि म्हणून इतरांची नाही अशी स्थिती आली. ऊस लावण्यास पाणी लागते. पाणी असलेलाच सभासद होतो. सभासदाच्या उसाला तोड लागते. आणि तोडणारा मजूर त्या संस्थेचा सभासद नसतो. 'सभासद' या शब्दाची मर्यादा या साखळीत दिसते. सहकाराने ग्रामीण महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी केली, हे त्याचे यश निर्विवाद आहे. परंतु आरोग्यसेवेचा लाभ घेणाऱ्या ब्रिटिश रहिवाशाला कोणाच्या अध्यक्षाची मर्जी सांभाळावी लागत नव्हती, हाही फरक तितकाच निर्विवाद आहे.

५

मारोतराव कन्नमवारांच्या अल्पकालीन कारकिर्दीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. संकरित ज्वारीचा प्रसार, कृषी विद्यापीठे, १९७० मध्ये सिडको, १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी या गोष्टी त्यांच्या नावाशी निगडित आहेत. परंतु तुलनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रोजगार हमी होय.

विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग केला. मागेल त्याला काम हे तिचे सूत्र. १९७२-७३ च्या दुष्काळात ही कल्पना किती आवश्यक आहे हे राज्याने अनुभवले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांपर्यंत गेली. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून येणारी ती रक्कम, तिच्याइतकीच शासनाची भर घालून, हमीच्या कामाकडे वळविण्यात आली. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देण्याचे आणि न दिल्यास अल्पसा बेकारी भत्ता देण्याचे बंधन शासनावर आले. लाभार्थ्याचे नाव आता 'मजूर' होते. ते घेण्यास जमीन नको, पाणी नको, भागभांडवल नको, आणि या नावाखाली कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता.

तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. जानेवारी १९७९ मध्ये महाराष्ट्रात कामाचा हक्क कायद्याने बंधनकारक झाला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये असे शासन आले की ज्याने पूर्ण रोजगार हे ध्येयच बाजूला ठेवले, आणि जानेवारी १९८२ पर्यंत तेथील बेकारांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली. ज्या देशाने १९४४ मध्ये हा विचार जगापुढे मांडला त्याने तो टाकला, आणि ज्या राज्याला प्राप्तिकर लावण्याचाही अधिकार नव्हता त्याने तो कायद्यात लिहिला. यात आपल्या राज्यकर्त्यांच्या थोरवीचे सूतोवाच करावयाचे नाही. मजुरीचे दर कमी होते, कामे वेळेवर निघत नसत, हजेरीपटात खोटी नावे सापडत. पण हक्क कायद्यात असल्यामुळे या दोषांविरुद्ध मोर्चा काढता येत होता आणि न्यायालयात जाता येत होते. केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच पुढे होता.

६

आता उत्तनकडे वळू. कूळ, सभासद आणि मजूर या तीन नावांपैकी कोणते नाव तेथील कोळ्याला लागू पडले?

कूळकायद्याचा लाभ भातशेती करणाऱ्या कुटुंबांना मिळणे शक्य होते. समुद्राला मात्र कृषक दिन नव्हता. नाखवा आणि खलाशी यांच्यातील वाटणीचे नाते कूळ आणि जमीनदार यांच्या नात्याहून निराळे असल्यामुळे ते महसूल खात्याच्या दृष्टीस पडलेच नाही. खारभूमी कायद्याने समुद्राला बांध घालून शेत राखण्याचा विचार केला. तेथे समुद्र हा शत्रू होता, शेत नव्हे. ज्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात, होड्या ओढल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, त्या मोकळ्या जागेला सातबाऱ्यावर वहिवाटदाराचे नाव लागले नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी आजही केली जाते तिचे मूळ येथे आहे.

'सभासद' हे नाव कोळ्याला काही प्रमाणात लाभले. मच्छीमार सहकारी संस्था निघाल्या, त्यांच्यामार्फत यांत्रिक नौकांसाठी कर्जे आणि डिझेलवरील सवलती मिळाल्या. या धोरणाने डोल जाळ्यांची मासेमारी अधिक खोल पाण्यात गेली आणि उत्पन्न वाढले. मात्र संस्थेचे लाभ नौकेच्या मालकाला मिळतात. उसाच्या फडातील मजुराप्रमाणे येथे खलाशी, आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसणारी कोळीण, या दोघांचा संबंध संस्थेशी दूरचाच राहिला.

'मजूर' या नावाची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. रोजगार हमीची कामे म्हणजे बांधबंदिस्ती, तळी, रस्ते. ही मातीकामे प्रामुख्याने उन्हाळ्यात निघतात, कारण कोरडवाहू शेतकरी तेव्हा रिकामा असतो. कोळ्याचा रिकामा काळ पावसाळा. नारळी पौर्णिमेपर्यंत त्याची नौका किनाऱ्यावर असते, आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर पावसाळ्यातील बंदीला शासनाचीच आज्ञा आहे. म्हणजे शासन ज्या महिन्यांत त्याला काम करू नको म्हणते त्याच महिन्यांत हमीची कामेही थंडावलेली असतात. शब्दाने त्याला वगळले नव्हते, पंचांगाने वगळले.

हद्दीचा परिणाम त्यावर झाला. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची सीमा दहिसरपर्यंत वाढली. उत्तन ठाणे जिल्ह्यात राहिले. शेजारचे गोराई आज मुंबई महानगरपालिकेत आहे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, पुढे उत्तन तिच्यात आले आणि २८ फेब्रुवारी २००२ ला तिची महानगरपालिका झाली. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण योजना सुटल्या, 'ग्रामीण भाग' या शब्दाला बांधलेली कामाची हमी सुटली, आणि समुद्र तर तेथेच राहिला. गावाचा धंदा बदलला नाही. कायद्यातील त्याचे विशेषण तेवढे बदलले.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, धोरण पंतप्रधानाच्या वा मुख्यमंत्र्याच्या नावाने ओळखण्याची आपली सवय सोयीची असली तरी अपुरी आहे. आरोग्यसेवा ॲटलींची, पण तिची मांडणी युद्धकाळातील. रोजगार हमी नाईकांच्या काळातील, पण कल्पना पाग्यांची, कायद्याची अंमलबजावणी पुढील शासनांची आणि पैसा शहरी नोकरदारांचा. दुसरा असा की, जे आश्वासन हक्काच्या भाषेत लिहिले गेले ते पक्ष आणि व्यक्ती बदलूनही टिकले, आणि जे इराद्याच्या भाषेत राहिले ते टिकले नाही. हा नियम लंडनला जितका लागू पडतो तितकाच मुंबईलाही.

तिसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. लाभार्थ्याचे नाव जितके व्यापक तितका वगळला जाणारा वर्ग लहान. ब्रिटनने आरोग्यासाठी 'रहिवासी' हा शब्द निवडला. आपण क्रमाने कूळ, सभासद आणि मजूर हे शब्द निवडले. प्रत्येक शब्दाने लाखो लोकांना आत घेतले आणि प्रत्येक शब्दाच्या उंबरठ्याबाहेर कोणीतरी उभे राहिले. उत्तनचा खलाशी तिन्ही वेळा उंबरठ्यावर होता. आज किनाऱ्यालगतच्या सागरी सेतूंच्या आणि रस्त्यांच्या योजनांसंबंधी मच्छीमार हरकती घेतात तेव्हा नुकसानभरपाईला पात्र कोण, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा एका शब्दावरच येऊन ठेपते. तो शब्द नौकेच्या मालकापुरता असेल काय, की समुद्रावर जगणाऱ्या प्रत्येकाला सामावून घेईल, हे मसुदा लिहिला जात असतानाच विचारले पाहिजे. धोरणांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने अंदाजपत्रकातील आकड्यांइतकेच कायद्यातील व्याख्यांचे कलम काळजीपूर्वक वाचावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.